आमच्या अभ्यासिकेचे पाळीपत्रक

आमच्या हजेरीवहीत चार रकाने आहेत: नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि शेरा. पहिले तीन रकाने विद्यार्थी भरतात, चौथा मी भरतो. पहिली वही आखली तेव्हा हा चौथा रकाना बोटभर रुंद होता. दुसऱ्या वहीत तो चार बोटे झाला. आता चालू वहीत नावाला जेमतेम जागा उरली आहे आणि बाकीचे पान शेऱ्याचे आहे. किस्से असेच साठतात. ते गोळा करायला कोणी निघत नाही. लिहिणारा माणूस जागा थोडी जास्त ठेवतो, एवढेच!

भूमच्या बाजारतळामागे, एका भल्या गृहस्थाने वापरायला दिलेल्या दोन खोल्यांत ही अभ्यासिका चालते. बारा टेबले, चौदा खुर्च्या, एक खिडकी. इथे बसणारी मुले पदवीधर आहेत आणि पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षांची तयारी करतात: कोणी एमबीएची, कोणी वकिलीची, कोणी एमएस्सीची. मी इथला बिनपगारी व्यवस्थापक. पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून लागलो आणि कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. मी दहावी अनुत्तीर्ण आहे. हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो, म्हणजे नंतर कोणाला ते शोधून काढल्याचा आनंद मिळत नाही. त्यानंतर जे वाचले ते स्वतःच्या हिमतीवर वाचले, शब्दकोशासकट. आणि शब्दकोशाच्या ज्या नोंदी मला पटल्या नाहीत, त्यांच्यासमोर समासात तसे लिहून ठेवले.

मुले मला तात्या म्हणतात. 'सर' म्हणायला मी बंदी केली आहे. आयुष्यात मी ज्यांना ज्यांना 'सर' म्हणालो, ते सगळे उशिरा येत असत!

* * *

बालाजी हा अभ्यासिकेतला सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी. एमबीएच्या प्रवेश परीक्षेचे हे त्याचे चौथे वर्ष. एकुलत्या एका खिडकीजवळची खुर्ची त्याची; ती त्याने अनुभवाच्या बळावर मिळवली आहे.

त्याच्याइतके देखणे वेळापत्रक मी कुठे पाहिलेले नाही. एकदा त्याने अकरा दिवस खपून एक तक्ता केला. गणिताला निळी शाई, इंग्रजीला हिरवी, तर्काच्या प्रश्नांना जांभळी आणि विश्रांतीला सोनेरी! कडेने वेलबुट्टी. मी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"उत्तम," मी म्हणालो. "आणि अभ्यास कधीपासून?"

"सोमवारपासून, तात्या!"

सोमवार उजाडला. बालाजी खिडकीत बसून तक्त्याला प्लास्टिकचे आवरण चढवत होता.

"बालाजी, आज सोमवार."

"आज अमावस्या हाय, तात्या. तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं तरी सांगावं की न्हाय आधी?"

पुढच्या सोमवारी त्याच्या मावसभावाची हळद होती. त्याच्या पुढच्या सोमवारी तो गंभीर चेहऱ्याने माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तात्या, टाइमटेबल बदलावं लागतंय."

"का?"

"तीन सोमवार गेले ना! परीक्षा लई जवळ आली. हे टाइमटेबल आता जुनं झालं."

त्या दिवसाचा शेरा मी दोनच शब्दांत लिहिला आहे: 'शाई संपली.'

* * *

अझहर वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसतो. मुलगा हुशार आहे, पण यूट्यूबवर टॉपर लोकांच्या मुलाखती पाहण्याची त्याला खोड आहे. कोण किती तास वाचतो, काय खातो, कोणत्या कुशीवर झोपतो, हे त्याला तोंडपाठ असते.

एके दिवशी तो टेबलावर डोके ठेवून गाढ झोपला. मी उठवले नाही. घड्याळ पाहिले आणि वहीत नोंद केली. दहा ते दोन.

जाग आल्यावर त्याने शेरा वाचला आणि त्याला वाईट वाटण्याऐवजी आनंद झाला.

"तात्या, बराबर चार तास! टॉपर पण चारच तास झोपतो. कालच बघितलं मी!"

"आणि घरी किती झोपलास?"

"घरी आठ," अझहर म्हणाला. "पण ते वेगळे ना, तात्या. ते अभ्यासात धरत नाहीत!"

* * *

शीतल आली ती हातात चार छापील कागद घेऊन. ईटची मुलगी, बीएस्सी झालेली, मेंढपाळाच्या घरातली. एमएस्सी रसायनशास्त्राच्या प्रवेश परीक्षेला दोनदा बसली होती आणि दोनदा यादीच्या बाहेर राहिली होती.

"ही तिसरी बारी, तात्या," ती म्हणाली. "आन् शेवटची."

"शेवटची का? वय आहे तुझे."

"माझं हाय. अप्पांच्या गुडघ्यांचं न्हाय." मग तिने सगळे एका दमात सांगितले. घरात चाळीस मेंढरे. आई अंगणवाडीत मदतनीस. थोरली बहीण सासरी. मेंढरांमागे चालणारे वडील, धोंडिबा, आणि त्यांचे गुडघे गेलेले. त्यांनी सरळ सांगून टाकले होते: 'माजं गुडघं आजून एक उन्हाळा काढतील, फुडचा न्हाय. यंदा नंबर लागला तर मेंढरं इकून टाकतो, तू शिकाया जा. न्हाय लागला तर मेंढरांमागं तू.'

"आणि तुला काय हवे आहे?"

"केमिस्ट्री. मेंढरांचा मला कंटाळा न्हाय, तात्या. पण त्यांना काय बी विचारा, ती एकच उत्तर देतात!"

मी तिचे कागद हातात घेतले. इंटरनेटवरून छापून आणलेली ती अभ्यासाची योजना होती. मी मोठ्याने वाचू लागलो.

"'पहाटे साडेपाच ते साडेआठ: मन ताजे असताना सर्वांत अवघड विषय घ्यावा.'"

"साडेपाचला मेंढरं सुटतात. अकराला अप्पा माळावर येतात, मग मी इकडं."

"'आठवड्यातून एक दिवस संपूर्ण विश्रांती घ्यावी.'"

"मेंढरांना रविवार कळत न्हाय, तात्या."

"'अभ्यासासाठी घरातला एक शांत कोपरा निवडावा.'"

शीतल हसली. "कोपरे चारच हायेत घराला. चारी कोपऱ्यात कोकरं बांधल्यात!"

मी ते कागद टाचणी लावून बाजूला ठेवले. योजना चुकीची नव्हती. ती ज्याच्यासाठी लिहिली होती, तो विद्यार्थी ईटला राहत नव्हता, एवढेच.

* * *

वेळापत्रक करणे मला येत नाही. पाळीपत्रक येते. तलावातून कालव्याला पाणी सुटले, की कोणत्या शेताला कोणत्या दिवशी किती तास पाणी मिळणार, हे ज्या कागदावर लिहितात, ते पाळीपत्रक. तसले कागद मी आयुष्यभर लिहिले आणि त्यांच्यापायी शिव्याही खाल्ल्या. त्यातला पहिला नियम असा, की सुरुवात टेलपासून करायची, म्हणजे कालव्याच्या अगदी शेवटच्या शेतापासून. वरून सुरुवात केली तर वरची शेते पोटभर पितात, उरलेले पाणी रस्त्यावर सांडतात, आणि शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचते ती फक्त पाणी सुटल्याची बातमी!

मी कोरा कागद घेतला आणि शीतलला विचारले, "तुझा टेलचा विषय कोणता? जिथे पाणी पोहोचतच नाही असा?"

"फिजिकल केमिस्ट्री. त्यात पण थर्मोडायनॅमिक्स."

"आणि वरचा? नेहमी भिजलेला?"

"ऑरगॅनिक! ते मला झोपेत पण येतं."

"मग पंधरा दिवस ऑरगॅनिकला पाणी बंद."

"तात्या!" ती खुर्चीतून उठलीच. "पण मला तेच तर येतं!"

"म्हणूनच!"

"आन् थर्मो मला आवडत न्हाय!"

"टेलचा शेतकरी मलाही आवडत नसे. फार भांडायचा. पण पहिली पाळी त्याची."

बारा ते पाच एवढा वेळ तिच्या हातात होता. पाचला तिची ईटची गाडी. पहिले दोन तास टेलच्या विषयाला दिले. मग अर्धा तास चारी, शेतात पाणी नेणारा छोटा पाट, साफ करायला, म्हणजे काल वाचलेले आज न पाहता लिहून काढायला. उरलेला वेळ मधल्या विषयांना, आळीपाळीने. दर आठवड्याला एक जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. आणि सकाळच्या रकान्यात मी ठळक अक्षरांत लिहिले: 'मेंढरे.' जे काम करावे लागणारच आहे, ते कागदावर नसेल, तर तो कागद खोटा. खोट्या पाळीपत्रकावर मी कधीही सही केलेली नाही.

कागद भिंतीवर लागला. बालाजी बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिला.

"तात्या, सगळं बराबर हाय," तो शेवटी म्हणाला. "पण एकाच रंगात?"

* * *

पाहता पाहता सगळ्या अभ्यासिकेने पाळीपत्रके मागून घेतली. पाळी आली की पाणीचोरीही आली. गणिताच्या वेळेत इंग्रजी वाचणारे निघाले, आणि काहीच न वाचणारे तर होतेच. मग मला जुना उपाय करावा लागला. कालवा फुटला की आम्ही पंचनामा करत असू. अझहरचा पंचनामा मी हजेरीवहीत पूर्ण उतरवून ठेवला आहे:

'आज रोजी दुपारी एक ते तीन या वेळेत, टेबल क्रमांक सात येथे गणिताची पाळी चालू असता, उजव्या तीरावर, म्हणजे टेबलाखाली, मोठी गळती आढळून आली. पाहणी केली असता तेथे एक मोबाइल असून, त्यात एक इसम दुसऱ्या इसमाच्या वरातीत नाचत असल्याचे दिसले. सदर इसम आपल्या परिचयाचे आहेत काय, असे विचारता अझहर याने नकारार्थी मान हलवली. गळतीमुळे दोन तास वाहून गेले. पंच: बालाजी व शीतल.'

अझहरने तो पंचनामा शांतपणे वाचला. वकिलीचा अभ्यास अगदीच वाया गेला नव्हता.

"मला हा पंचनामा मंजूर नाही, तात्या."

"कोणता मजकूर खोटा आहे?"

"मजकूर सगळा खरा हाय. पण पंच तटस्थ पाहिजेत ना? हा बालाजी माझ्याच मोबाइलमध्ये बघत होता! वरात संपल्यावर हाच म्हणला, दुसरी लाव!"

* * *

एका मोठ्या शहरातल्या शिकवणीवर्गाचे मार्गदर्शक एकदा आमच्याकडे व्याख्यानाला आले. कोट, गळ्यात अडकवायचा माइक, सोबत पडदाही त्यांचाच. विषय होता ध्येय आणि नियोजन. दीड तास ते न थांबता बोलले आणि मुलांनी टाळ्याही वाजवल्या. शेवटी त्यांनी डोळे मिटून घ्यायला सांगितले.

"आता आपल्या ध्येयाकडे पाहा!" ते म्हणाले. "पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता? कुठे बसलेले दिसता? कोण सांगेल?"

बालाजीचा हात वर झाला. डोळे अजून मिटलेलेच.

"इथंच, सर. खिडकीजवळ!"

* * *

प्रामाणिकपणे लिहायचे तर माझाही एक किस्सा वहीत आहे. शेरा माझ्या हस्ताक्षरात नाही. तो मुलांनी लिहिला आहे आणि मी तो खोडलेला नाही.

झाले असे, की उताऱ्यावरील प्रश्न हे काही अभ्यासाचे काम नाही, ज्याने आयुष्यभर वाचन केले आहे त्याला ते सहज सुटतात, असे मी एकदा म्हणालो. अझहरने लगेच सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका पुढे केली. दहा प्रश्न, वीस मिनिटे. मी बसलो.

उतारा सामान्य होता. त्यातले दुसरे वाक्य तर लेखकाने पुन्हा लिहायला हवे होते. 'लेखक पुढीलपैकी कोणत्या मताशी सहमत असेल?' असा पहिला प्रश्न, आणि खाली चार पर्याय. चारही पर्याय अर्धवट! मी समासात पाचवा पर्याय लिहिला आणि त्याची कारणे दिली. दुसऱ्या प्रश्नातही तेच. वीस मिनिटे संपली तेव्हा मी तिसऱ्या प्रश्नाच्या समासात होतो. घाईघाईने उरलेल्यांवर खुणा केल्या.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, हे मला कोणी सांगितले नव्हते.

अझहरने बेरीज केली, मग वजाबाकी केली, मग कागद बालाजीकडे सरकवला. बालाजीने तो दोनदा पाहिला.

"तात्या," तो अत्यंत आदराने म्हणाला, "तुम्ही शून्याच्या खाली हायेत. जे परीक्षेला आलेच न्हाईत, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त मार्क हायेत!"

सगळी अभ्यासिका हसून लोळली. शीतल तेवढी माझ्या टेबलाशी आली.

"तात्या, इथं वाद घालायचा नसतो. गोल काळा करायचा असतो. न्हाय येत त्याला सोडून म्होरं जायचं."

"मी आजवर एकही पुस्तक मधेच सोडलेले नाही."

"म्हणूनच!" शीतल म्हणाली.

* * *

धोंडिबा अभ्यासिकेत आले ते एकदाच, बाजारच्या दिवशी. मेंढरांचे औषध न्यायला भूमला आले होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खुर्ची दिली तर बसेनात. उंबऱ्याशीच टेकले, पाय लांब केले आणि भिंतीवरच्या कागदाकडे काठीने खूण केली.

"ह्येच का साहेब, तुमी लिवल्यालं? पोरगी घरी सांगत व्हती."

"हेच."

"ह्यात वरची ही मोठी वळ कशाची?"

"ती मेंढरे."

धोंडिबा काठीवर भार देऊन उठले, कागदाजवळ गेले आणि त्या शब्दाकडे बघत राहिले. वाचता येत नव्हते त्यांना. "मेंढरं लिवल्यात व्हय!" ते म्हणाले. "बरं केलं. आन् ह्या खुना?"

"झालेल्या धड्यांच्या. किती झाले ते रोज मोजते ती."

"झाल्यालं कशाला मोजायचं?" त्यांना खरोखरच कळेना. "सांजच्याला मेंढरं वाड्यात घेतो तवा आमी मोजत न्हाय, साहेब. आल्यालं हायच की तिथं. न आल्यालं तेवढं बघायचं. कंचं तोंड दिसंना, त्ये डोळ्याला खुपतंय. मंग त्याच्यासाठी माघारी जायचं."

त्या दिवशी मेंढरांमागे शीतल होती. दुसऱ्या दिवशी तिला मी हे सांगितले, आणि तिने भिंतीवरच्या सगळ्या खुणा खोडून टाकल्या.

तेव्हापासून त्यांच्या घरी रोज संध्याकाळी काय चालायचे, ते शीतल आम्हाला दुसऱ्या दिवशी नकलेसकट सांगायची. मेंढरे वाड्यात गेली की धोंडिबा बाजेवर बसायचे आणि विचारायचे:

"तुझ्यातलं कोन ऱ्हायलं गं आज?"

"थर्मोडायनॅमिक्स राहिलं, अप्पा."

"आलंच न्हाय का लंगडत आलं?"

"लंगडत आलं."

"मंग उद्या त्याला म्होरं घे. लंगडं मागं चाललं की हरवतंय. काय नाव म्हनलीस?"

"थर्मोडायनॅमिक्स."

"सावकास सांग."

तिने तीनदा सांगितले. धोंडिबांनी तीनदा तोंडात घोळवले, आणि मग भाकरी खायला उठले.

शेवटच्या शेताला पाणी आधी, हे शिकायला मला नोकरीची अर्धी वर्षे लागली होती!

* * *

अर्थात हे प्रकरणही अभ्यासिकेत पसरले. खुणा मोजणे बंद झाले. संध्याकाळी जाताना प्रत्येक जण दाराशी थांबे आणि मी विचारत असे, "कोण राहिले?" अझहरचे सांगणे असे, की त्याचे गणित रोज राहते, पण आता निदान बांधावर उभे असलेले दिसते. दुसऱ्या कोणाचा इतिहास राहत असे, कोणाची आकडेमोड. बालाजी मात्र काहीच न बोलता निघून जायचा. एके दिवशी मी त्याला अडवले.

"बालाजी, तुझे कोण राहिले?"

बालाजीने खिडकीकडे पाहिले, आपल्या प्लास्टिकमधल्या तक्त्याकडे पाहिले.

"तात्या, खरं सांगू? कळपच आजून सुटला न्हाय!"

त्या दिवशी तो गेला नाही. पुन्हा आत येऊन बसला, आणि मी त्याच्या हातात पहिल्यांदा गणिताचे पुस्तक पाहिले. पुस्तकाच्या बांधणीवर एकही घडी पडलेली नव्हती.

* * *

शीतलची परीक्षा सोलापूरला झाली. दुसऱ्या दिवशी ती बाराच्या ठोक्याला हजर. परीक्षा संपली तरी तिने वहीत नाव लिहिले, वेळ लिहिली.

"कोण राहिले?" मी विचारले.

"पाच प्रश्न सोडले, तात्या. येत नव्हते. वाद न्हाय घातला."

"आणि थर्मोडायनॅमिक्स?"

"लंगडत आलं," शीतल म्हणाली. "पण आलं."

वडिलांच्या गुडघ्यांचे विचारले तर म्हणाली, आता चढावर बसत बसत जातात.

* * *

निकालाच्या सुमारास माझ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. त्यासाठी मी बार्शीला मुलीकडे गेलो. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि दोन आठवडे अक्षर वाचायचे नाही म्हणून बजावले. हे बंधन दहावीच्या वर्षी कोणी घातले असते, तर मी आनंदाने पाळले असते!

निकाल लागल्याचे जावयांनी सांगितले. काय लागला, हे मी विचारले नाही. मी मोबाइल बाळगत नाही; मुलीचा होता, पण मी तो मागितला नाही. मला भीती वाटत होती, असे लिहायला आता हरकत नाही.

दोन आठवड्यांनी भूमला उतरलो तो बाजारचा दिवस होता. अभ्यासिकेचा रस्ता बाजारतळावरून जातो. काळ्या चष्म्यातून टोमॅटोही काळे दिसत होते. भाजीच्या रांगा ओलांडल्या, मिरचीच्या ढिगाला वळसा घातला, आणि जनावरांच्या बाजूला एक माणूस काठी आडवी धरून खाली बसलेला दिसला. खांद्यावर घोंगडी, पाय लांब केलेले.

धोंडिबा! आणि त्यांच्यासमोर, एकमेकांच्या पाठीवर माना टाकून, मेंढरे. एक टेम्पो मागे मागे येत होता.

मेंढरे बाजारात आली होती!

मी चष्मा काढला. काढू नका, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

"साहेब, आलात?" धोंडिबांनी मला पाहिले. "पोरगी कालच गेली. हास्टेलात जागा घावली. तुमच्या वहीत लिवून गेलीया कायतरी, वाचा म्हनली."

मी मान हलवली.

व्यापारी आणि त्याचा जोडीदार मेंढरे उचलून टेम्पोत चढवत होते. पाहता पाहता जागा मोकळी झाली. उरले ते एक, काळ्या तोंडाचे, जरा खुरटे. धोंडिबांच्या पायाशी दोरीने बांधलेले. उभे राहताना त्याचा मागचा एक पाय जमिनीला नीट टेकत नव्हता.

व्यापारी त्याच्या दोरीला हात घालू लागला. धोंडिबांनी काठी आडवी घातली.

"त्ये न्हाय."

"का ओ मामा? एकटं कशाला ठेवताय? कळपाबिगर वरडून मरंल."

"त्ये न्हाय इकायचं."

"लंगडतंय म्हून लाजताय व्हय?" व्यापारी हसला. "लंगड्याला बी गिऱ्हाईक हाय की! द्या इकडं. काय खास हाय त्येच्यात?"

धोंडिबांनी मेंढराच्या पाठीवरून हात फिरवला.

"थर्मोडायनॅमिक्स हाय त्ये," ते म्हणाले.

"काय?"

"थर्मोडायनॅमिक्स."

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिले, टेम्पोतल्या जोडीदाराकडे पाहिले, आणि पुन्हा धोंडिबांकडे. धोंडिबांना त्याची दया आली असावी. त्यांनी काठी खाली ठेवली, आणि एकेक अक्षर सुटे करून, सावकाश, तिसऱ्यांदा सांगितले.